रिसॉर्टचा कारभार : हॉटेलवाल्यांसाठी आणि जमीनवाल्यांसाठी काही सूचना

नाशिक क्षेत्री परगावच्या माणसाची उतरण्याची सोय करण्याचा व्यवसाय नवा नाही. रामकुंडावर स्नानाला आणि त्र्यंबकेश्वरी दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूला येथील तीर्थोपाध्याय पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरी उतरवून घेत आले आणि त्याच्या कुळाची नोंद आपल्या वह्यांत करून ठेवीत आले. पुढे धर्मशाळा झाल्या, मग लॉज झाले, आणि सातपूर व अंबड येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्यावर कंपन्यांच्या कामासाठी येणाऱ्या अधिकाऱ्यांकरिता मोठी हॉटेलेही झाली. या दीर्घ अनुभवामुळे खोली भाड्याने देण्याच्या विद्येत येथील हॉटेलवाल्याला शिकवण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. तथापि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गंगापूर धरणाच्या काठी, त्र्यंबक रस्त्याला, इगतपुरीच्या डोंगरउतारांवर आणि दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात रिसॉर्ट या नावाने जो व्यवसाय वाढीस लागला आहे, त्यात हाच अनुभवी हॉटेलवाला पुष्कळदा अडखळताना दिसतो. कारण शहरातल्या हॉटेलचाच कारभार, त्याला थोडी हिरवळ आणि एक तरणतलाव जोडून, तो गावाबाहेर नेऊ पाहतो. दुसऱ्या बाजूने, ज्याच्याजवळ धरणाकाठी वडिलार्जित चार एकर जमीन आहे असा शेतकरी किंवा निवृत्त अधिकारी, जमिनीचा देखावाच पाहुणा आणील आणि टिकवीलही, अशा समजुतीने या धंद्यात उतरतो. या दोघांनाही उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने पुढील विवेचन केले आहे.

हॉटेल आणि रिसॉर्ट यांतील भेद इमारतीत, खोल्यांच्या आकारात किंवा दरपत्रकात शोधू नये. शहरातील हॉटेलात उतरणाऱ्याला त्या हॉटेलाशी कर्तव्य असे नसते. त्याचे काम मंदिरात, कचेरीत किंवा कारखान्यात असते, आणि रात्री निजण्यास स्वच्छ बिछाना, सकाळी गरम पाणी व चहा मिळाला की तो संतुष्ट होऊन आपल्या मार्गाला लागतो. रिसॉर्टात येणाऱ्या कुटुंबाला दुसरे काही कामच नसते, त्या जागी असणे हेच त्याचे काम असते. म्हणून हॉटेलच्या व्यवस्थापकावर पाहुण्याच्या रात्रीची जबाबदारी असते, तर रिसॉर्टच्या व्यवस्थापकावर त्याच्या सबंध दिवसाची. खानपान, मनुष्यबळ, पाणी, सुरक्षितता आणि हिशेब या साऱ्या बाबतींत जे फरक पडतात, ते या एका फरकातून निघतात. आणि तो ज्याच्या ध्यानात आला नाही त्याने कितीही खर्चवेच केला तरी तो वाया जातो.

येण्याचे कारण आधी, खोल्या मागाहून

या प्रदेशाला हा प्रकार सर्वस्वी अपरिचित होता असेही नाही. देवळालीच्या कोरड्या हवेसाठी मुंबईची पारशी व गुजराती कुटुंबे तेथील सॅनेटोरियमांत हवापालटाकरिता मुक्काम करीत. माथेरान व महाबळेश्वर येथील जुन्या हॉटेलांतही दोन्ही वेळच्या जेवणासह राहण्याचा शिरस्ता होता. या सर्व ठिकाणी हवा हे येण्याचे कारण अगोदरच उपलब्ध होते आणि निवासाची सोय त्या कारणामागून आली.

हाच क्रम नाशिकच्या अलीकडच्या इतिहासातही दिसतो. राजीव सामंत यांनी अमेरिकेतील नोकरी सोडून गंगापूर धरणाजवळच्या कुटुंबाच्या जमिनीवर वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि 2000 च्या सुमारास ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आणली, पुढे पाहण्यासाठी व चव घेण्यासाठी लोक येऊ लागले, त्यांच्यासाठी चव घेण्याचे दालन झाले, उपाहारगृहे झाली, 2008 मध्ये द्राक्षबागेतला संगीतमहोत्सव सुरू झाला, आणि मुक्कामाच्या खोल्या या ओघातच उभ्या राहिल्या. राज्य शासनाचे 2001 चे द्राक्ष-प्रक्रिया धोरण या साऱ्या पट्ट्याला अनुकूल ठरले, हे खरे. तरी नव्या मालकाने यातून घ्यायचा बोध मद्याचा नव्हे, क्रमाचा आहे. आपल्या जागी पाहुण्याने का यावे आणि आल्यावर सकाळी दहा ते सायंकाळी सहा त्याने काय करावे, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याच्याजवळ आहेत त्यानेच गवंड्याला बोलावावे.

पाहुण्याच्या दिवसाची आखणी

रिसॉर्टात सहसा एकटा माणूस येत नाही. आजी-आजोबा, मधली पिढी आणि मुले असा तीन पिढ्यांचा परिवार येतो, आणि तिघांचा दिवस निरनिराळा असतो. मुलांना पाणी व मोकळे मैदान हवे असते, मधल्या पिढीला विश्रांती हवी असते, आणि वृद्धांना बसायला सावली, चालायला सपाट पायवाट व जवळपास देवदर्शन हवे असते. व्यवस्थापकाने प्रत्येक मोसमासाठी या तिन्ही वर्गांचे वेळापत्रक लेखी तयार ठेवावे. त्यासाठी नाशिक जिल्ह्याइतकी समृद्ध सामग्री थोड्याच ठिकाणी मिळेल. जानेवारी ते मार्च द्राक्षांची तोडणी असते. थंडीत हुरडा असतो. निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर येथे हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात, आणि 2020 मध्ये रामसर यादीत गेलेली ती महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा आहे. अंजनेरी व ब्रह्मगिरी चढण्यास आहेत. येवल्याचे पैठणीचे माग एका दिवसात पाहून येता येतात.

यात दोन पथ्ये पाळावीत. पहिले असे की, बाहेरचा कार्यक्रम नेमताना वाट दाखवणारा माणूस त्याच गावचा असावा, कारण डोंगरावरची वाट, पावसाने चढणारा ओढा आणि कड्यावरचे निसरडे शेवाळ त्याला जितके ठाऊक असते तितके शहरातून आणलेल्या हसतमुख तरुणाला ठाऊक नसते. दुसरे असे की, पावसाळी दिवसाचा कार्यक्रम वेगळा तयार असावा. इगतपुरीस वर्षाकाठी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून पन्नास किलोमीटरांच्या आत असलेल्या नाशिक शहरात त्याच्या चौथाईइतकाच. तेव्हा एकाच जिल्ह्यातील दोन रिसॉर्टांचा जुलै महिना सर्वस्वी निराळा असतो, आणि इगतपुरीच्या मालकाने छपराखालची प्रशस्त पडवी, बैठे खेळ आणि कपडे वाळवण्याची सोय यांची तरतूद तरणतलावाच्या आधी केली पाहिजे.

आगमन, प्रस्थान आणि भोजन

शहरातील हॉटेलात माणसे दिवसभर सुटीसुटी येतात व जातात. रिसॉर्टात सर्व पाहुणे शनिवारी दुपारी एकदम येतात आणि रविवारी दुपारी एकदम निघतात. मुंबईहून सकाळी लवकर निघालेले कुटुंब दहालाच दाराशी उभे राहते, खोली मात्र दोनपूर्वी देता येत नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाटाची अडचण कमी झाली आहे, त्यामुळे पाहुणा पूर्वीपेक्षाही लवकर येणार, हे धरूनच बंदोबस्त ठेवावा. सामान ठेवण्याची सुरक्षित खोली, कपडे बदलण्याची व स्नानाची वेगळी जागा, आणि येताक्षणी हातात पडेल असे पन्हे किंवा ताक, एवढ्यावर ही अडचण निम्मी नाहीशी होते. खोल्या साफ करणाऱ्यांची पाळी रविवारी सकाळी दुप्पट ठेवावी. इतर दिवशीचे नेमणूकपत्रक त्या दिवशी निरुपयोगी असते.

भोजनाच्या बाबतीत फरक अधिक खोल आहे. हॉटेलात जेवण न आवडल्यास पाहुणा रस्ता ओलांडून दुसरीकडे जातो. गंगावऱ्ह्याच्या किंवा वैतरणेच्या बाजूला रात्री नऊ वाजता त्याला दुसरीकडे जाण्यास जागाच नसते. म्हणून रिसॉर्टात चारही वेळचे खाणे दरात धरणे हेच सामान्यतः हितावह ठरते, आणि मग त्याचे दायित्वही पूर्णपणे आपल्याकडे येते. उपवासाचे पदार्थ, कांदा-लसणाविना जैन जेवण, लहान मुलांसाठी मऊ भात आणि शाकाहाराची वेगळी भांडी यांची व्यवस्था आयत्या वेळच्या तजविजीवर सोडू नये. नोंदणी करतानाच विचारून स्वयंपाकघराच्या फळ्यावर लिहून ठेवावी. सलग चार जेवणांत एकच रस्सा पुन्हा समोर आला की उत्कृष्ट आचाऱ्याचाही उबग येतो, म्हणून दोन दिवसांचा सबंध आहार एकत्र आखावा. पाहुण्याला घराजवळ मिळते ते पनीर येथे कुणी आठवणीत ठेवीत नाही. नाशिकची मिसळ, नागलीची भाकरी, इगतपुरीकडचा इंद्रायणी भात आणि शेतातली ताजी भाजी ही मात्र तो घरी गेल्यावर सांगतो.

जमीन, पाणी आणि शेजार

शहरातील हॉटेलाला नळाचे पाणी, सांडपाण्याची वाहिनी आणि कचऱ्याची गाडी महापालिका पुरवते. गावाबाहेर गेलेला मालक या तिन्ही बाबतींत स्वतःच आपली महापालिका होतो. वीस खोल्यांत सत्तर माणसे उतरली आणि माणशी 200 लिटर पाणी धरले, तर दिवसाला 14,000 लिटर पाणी केवळ पाहुण्यांना लागते. कपडे धुणे, स्वयंपाक, नोकरवर्ग आणि बाग यांचा खर्च त्यावर. विहीर किंवा बोअर मे महिन्यात हे देते का, याची परीक्षा मे महिन्यातच घ्यावी, कारण ऑक्टोबरात भरलेली विहीर पाहून केलेला अंदाज पहिल्याच उन्हाळ्यात टँकरच्या दारात नेतो. सांडपाणी शुद्ध करून बागेला घालण्याची यंत्रणा प्रारंभीच बसवावी. धरणाच्या पाणलोटात घाण सोडणे बेकायदेशीर तर आहेच, पण त्याच धरणाचे पाणी नाशिककर पितात, हेही विसरता कामा नये.

द्राक्षपट्ट्यातील मालकाने आणखी एक गोष्ट शेजाऱ्याशी आधी बोलून घ्यावी. डावणी-भुरीच्या दिवसांत बागायतदार ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरने पहाटे किंवा सायंकाळी फवारणी करतो, आणि तो औषधाचा तुषार वाऱ्याबरोबर आपल्या व्हरांड्यात येतो. पाहुण्याच्या तक्रारीवरून शेतकऱ्याशी भांडण करणे हा शुद्ध अविवेक होय, कारण ज्या हिरवळीसाठी पाहुणा आला ती त्या शेतकऱ्याच्या फवारणीनेच जगली आहे. कुंपणालगत झाडांची दाट रांग, खोल्या बांधापासून दूर, आणि फवारणीच्या दिवसाची आदल्या रात्री फोनवर सूचना, एवढ्याने काम भागते. गावाशी संबंध केवळ ग्रामपंचायतीची घरपट्टी भरण्यापुरता ठेवू नये. दूध, भाजी, अंडी आणि वाहन गावातूनच घ्यावे. गावच्या वाटा, पाणवठे आणि देवस्थाने यांवरचा पूर्वापार हक्क कुंपण घालून तोडू नये. शेजाऱ्याची मर्जी गमावलेल्या रिसॉर्टला अडीअडचणीच्या रात्री कोणी धावून येत नाही.

मोसम आणि माणसे

शहरातील हॉटेल आठवडाभर सारखे चालते. किंबहुना कामकाजाच्या दिवशी अधिकच चालते. रिसॉर्टचे गणित उलट आहे. वीस खोल्यांच्या रिसॉर्टात आठवड्याला 140 खोली-रात्री विकावयाच्या असतात. शुक्रवार-शनिवारच्या चाळीसच्या चाळीस गेल्या आणि उरलेल्या शंभरांपैकी पंचवीस गेल्या, तर एकूण 65, म्हणजे 46 टक्केच भरतात, आणि तरीही शनिवारी जागा नसल्याने माणसे परत पाठवावी लागतात. ही अवस्था पाहून खोल्या वाढवण्याचा मोह होतो, तो आवरावा. वाढीव खोल्या शनिवारीच भरतील आणि सोमवार ते गुरुवार त्यांचा भार वाहावा लागेल. त्यापेक्षा रिकाम्या दिवसांना योग्य असा निराळा पाहुणा शोधावा. औद्योगिक वसाहतींतील कंपन्यांची प्रशिक्षणे, निवृत्तांचे मेळावे, घरून काम करणारे लोक, चित्रकारांची वा अभ्यासकांची शिबिरे यांना सवलतीचा दर देऊन हे दिवस काही अंशी भरून काढता येतात. लग्नाचा समारंभ घ्यायचा तर सबंध जागाच त्या कुटुंबाला द्यावी; अर्ध्या खोल्यांत वऱ्हाड आणि अर्ध्यांत विश्रांतीला आलेली कुटुंबे ठेवल्यास दोघांचीही नाराजी पदरी पडते.

नोकरवर्गाच्या बाबतीतही शहरी पद्धत येथे लागू पडत नाही. साप्ताहिक सुटी सोमवार-मंगळवारी द्यावी लागते, रात्री उशिरा घरी जाण्यास वाहन नसते, म्हणून राहण्याच्या चांगल्या खोल्या आणि जेवण पगाराइतकेच महत्त्वाचे ठरते. पाहुण्यांसाठी संगमरवर आणि नोकरांसाठी पत्र्याची शेड असा कारभार असला तर माणूस तीन महिन्यांत निघून जातो. जानेवारी ते मार्च या काळात पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबक भागातील मजूर द्राक्षबागांत गुंतलेले असतात, आणि नेमका तोच काळ रिसॉर्टच्या भरभराटीचा असतो. तेव्हा माणसांची बेगमी दिवाळीपूर्वी करावी. गावातील तरुण-तरुणींना शिकवून वर चढवावे. त्यांची भाषा सफाईदार नसली तरी चालते, कारण बागेतले झाड कोणते, समोरचा डोंगर कोणता आणि पाऊस केव्हा येणार, हे सांगण्यात त्यांचा अधिकार असतो.

सिंहस्थाचा विचार येथेच केला पाहिजे. 2026-27 च्या पर्वणीत नाशिक-त्र्यंबकेश्वर परिसरातील प्रत्येक छपराखाली माणूस झोपणार आहे, आणि सभागृहात गाद्या टाकून चौपट पैसे करण्याची इच्छा रिसॉर्टच्या मालकालाही होईल. परंतु पर्वण्यांच्या दिवशी पोलीस बंदोबस्तामुळे वाहने दूर अडवली जातात, दूध-भाजीचा पुरवठा खुंटतो, आणि ज्या पाण्याचा हिशेब सत्तर माणसांसाठी केला ते तीनशे माणसांस पुरत नाही. तेव्हा क्षमतेइतकेच पाहुणे घ्यावेत, पंधरा दिवसांचा शिधा भरून ठेवावा, आणि बारा वर्षांनी येणाऱ्या यात्रेसाठी दरवर्षी येणारे कुटुंब दुखवू नये.

सुरक्षितता आणि परवाने

दिवसाची जबाबदारी घेतली म्हणजे दिवसाच्या धोक्यांचीही घेतली. तरणतलावाचे पाणी दररोज तपासून वहीत नोंदवावे. क्लोरीन 1 ते 3 पीपीएम आणि सामू 7.2 ते 7.8 यांच्या दरम्यान राहिला पाहिजे, आणि तलाव उघडा असेपर्यंत शिकलेला जीवरक्षक काठावरून हलता कामा नये. धरणात पोहण्यास मनाई करणारी पाटी लावून भागत नाही, तिकडे जाणाऱ्या वाटेवर माणूस नेमावा लागतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप या भागात आढळतात. म्हणून पायवाटांवर खाली पडणारा उजेड, खोल्यांभोवती मोकळी स्वच्छ जागा आणि उघड्यावर उष्टे न टाकण्याचा कडक नियम असावा. सर्पदंश झाल्यास आवळून बांधणे, चिरा देणे, मांत्रिक बोलावणे यांत वेळ न दवडता अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठावे. प्रतिविष कोणत्या रुग्णालयात आहे आणि रात्री तिथवर किती मिनिटे लागतात, हे स्वागतकक्षातल्या प्रत्येकास तोंडपाठ असावे. ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर असतो, तेव्हा सायंकाळनंतर लहान मुलांना कुंपणाबाहेर एकटे सोडू नये, हे पाहुण्यांना भय न घालता पण स्पष्ट शब्दांत सांगावे.

परवान्यांविषयी थोडक्यात एवढेच की, सातबारावर शेती लिहिलेल्या जमिनीवर बांधकाम करण्यापूर्वी अकृषिक वापराचा प्रश्न महसूल कचेरीत निकालात काढावा. शेती चालू ठेवून थोड्या खोल्या बांधणाऱ्याने 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते का, हे आधी पाहावे. अन्नपरवाना, अग्निशमनाचा दाखला, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, आणि मद्य द्यावयाचे असल्यास उत्पादन शुल्क खात्याचा परवाना, हे सर्व कागद एका दप्तरात मुदतीच्या तारखांसह ठेवावेत. परदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांच्या आत सरकारी नोंदीस गेली पाहिजे. रात्री दहानंतर सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास 2000 च्या नियमांनी बंदी आहे. ती पाळण्यात पाहुण्याची झोप आणि गावाची मर्जी, दोन्ही राखली जातात.

जमाखर्च आणि आरंभ करणाऱ्यास सल्ला

हॉटेलवाला आपला धंदा भरलेल्या खोल्यांवरून मोजतो. रिसॉर्टचा हिशेब मात्र दर पाहुण्यामागे दिवसाकाठी किती मिळाले, त्याच्यावर किती खर्च झाला, आणि आलेल्या कुटुंबांपैकी किती पुन्हा आली, या तीन आकड्यांवर ठेवावा. बाग, रस्ते, कुंपण, पंप आणि जनित्र ही पाहुणा असो वा नसो खर्च मागतात. त्यासाठी उत्पन्नातला ठरावीक हिस्सा दरमहा वेगळा काढावा आणि मोसम चांगला गेला म्हणून त्याला हात लावू नये.

नव्या मालकाने पहिल्या वर्षी खोल्या कमी ठेवाव्यात आणि सोयी पूर्ण ठेवाव्यात. उलट केल्यास पहिल्याच मोसमात जे नाव खराब होते ते सुधारण्यास पुढची काही वर्षे जातात. व्यवस्थापक नेमताना त्याने कोणत्या मोठ्या हॉटेलात नोकरी केली यापेक्षा तो गावाबाहेर राहण्यास, सणासुदीला आपल्या घरी न जाण्यास आणि दुसऱ्याच्या सुटीच्या दिवशी दुप्पट काम करण्यास तयार आहे का, हे विचारावे. मालकाने स्वतःलाही हाच प्रश्न करावा. उत्तर नकारार्थी आले तर त्यात कमीपणा काही नाही; गोदाकाठच्या या शहरात यात्रेकरू आणि व्यापारी यांची वाण कधी पडणार नाही, आणि त्यांना रात्रीचा स्वच्छ, बिनघोर निवारा देणारे हॉटेल चालवणे हाही तितकाच प्रतिष्ठेचा, आणि पुष्कळदा अधिक फायद्याचा, उद्योग आहे.